बाटलीवर लेबल आणणारा रसायनशास्त्रज्ञ

हवा बदलली की घरोघरी खोकल्याची बाटली निघते. मागच्या वेळची अर्धी उरलेली असली तर तीच पुढे येते, नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवीन. आपण झाकण उघडतो, चमचा भरतो, मुलाचं नाक धरतो आणि औषध घशाखाली उतरवतो. बाटलीवरची ती मुंगीएवढी अक्षरं वाचायला कुणाला सवड आहे? पण मैत्रिणींनो, कुठलं औषध किती प्रमाणात आहे हे सांगणाऱ्या त्या बारीक ओळी आपोआप उगवलेल्या नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या नव्हत्याच. त्या आणण्यासाठी अमेरिकेत एका माणसानं आयुष्यातली पंचवीस-तीस वर्षं खर्ची घातली. आणि त्याला खरी साथ मिळाली ती बायकांची. त्याचं नाव डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली.

हार्वेचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ चा. इंडियाना राज्यातल्या केंट गावाजवळ लाकडी ओंडक्यांच्या घरात तो जन्मला. सात भावंडांतला हा सहावा. वडील शेती करायचे आणि रविवारी प्रवचन द्यायचे. गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक. चुकीचं दिसलं की गप्प बसायचं नाही, हे बाळकडू हार्वेला घरातच मिळालं. कॉलेजात असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. १८६४ मध्ये तो उत्तरेच्या सैन्यात भरती झाला आणि काही महिन्यांतच आजारी पडून परतला. पुढे शिक्षण पूर्ण केलं, १८७१ मध्ये डॉक्टरकीची पदवीही घेतली. पण दवाखाना काही थाटला नाही. त्याचा जीव रमायचा रसायनशास्त्रात. १८७४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठ सुरू झालं आणि वायली तिथले रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

हे प्राध्यापक जरा निराळेच होते बरं का! सहा फुटांवर उंची, धिप्पाड बांधा आणि स्वभाव मिश्कील. विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळायचे. त्यांनी पुढचं चाक भलंमोठं असलेली सायकल विकत घेतली आणि गुडघ्यापर्यंतची विजार घालून तिच्यावरून कॉलेजला जाऊ लागले. झालं! विश्वस्तांनी त्यांना बोलावून घेतलं. प्राध्यापकानं असं माकडासारखं सायकलवर बसावं हे काही शोभत नाही, अशी समज दिली. वायलींनी शांतपणे राजीनामा लिहून समोर ठेवला. तो अर्थातच स्वीकारला गेला नाही. नोकरीपेक्षा ताठ कणा महत्त्वाचा, हे त्यांचं गणित पुढेही बदललं नाही.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. अन्नातली भेसळ प्रयोगशाळेत कशी पकडायची याचं शास्त्र तिथे चांगलंच पुढे गेलं होतं. ते शिकून परतल्यावर इंडियाना राज्याच्या आरोग्य मंडळानं त्यांना काम दिलं ते बाजारातला मध आणि पाक तपासण्याचं. त्यात त्यांना सर्रास ग्लुकोजची भेसळ सापडली. मधमाशीशी ज्याचा संबंध नाही असा मध लोक पैसे मोजून घेत होते. ग्लुकोज काही विष नव्हतं. पण वायलींना टोचली ती फसवणूक. घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळलंच पाहिजे, एवढा एकच आग्रह त्यांनी धरला आणि तो जन्मभर सोडला नाही. १८८३ मध्ये ते वॉशिंग्टनला केंद्र सरकारच्या शेती खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

आता त्या काळातला औषधांचा बाजार कसा होता ते बघू. डॉक्टर महाग आणि लांब. त्यामुळे घरोघरी भिस्त असायची ती जाहिरातीतल्या तयार औषधांवर. खोकला, ताप, अशक्तपणा, बायकांचे आजार, मुलांचं दात येणं, सगळ्यावर बाटल्या मिळायच्या. आत काय आहे ते मात्र बनवणाऱ्याचं गुपित. बाटलीवर ते लिहिण्याची सक्तीच नव्हती.

आणि आत काय असायचं? मिसेस विन्स्लो यांच्या नावानं एक सिरप मिळायचं. दात येताना किरकिर करणाऱ्या बाळांसाठी. जाहिरातीत छान गुटगुटीत बाळ आणि प्रेमळ आई. त्या सिरपच्या एका औंसात, म्हणजे साधारण तीस मिलिलिटरमध्ये, ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन होतं. मॉर्फिन म्हणजे अफूचा अर्क. बाळ शांत व्हायचं यात नवल ते काय! मॉर्फिननं श्वास मंदावतो. थोडं जास्त झालं की बाळ झोपायचं ते कायमचं. त्या आईला कळायचंही नाही की आपण चमच्यानं काय पाजलं. आपल्याकडे गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकाही तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन झोपवत होत्या, पण गोळीत अफू आहे हे निदान त्यांना माहीत असायचं. मिसेस विन्स्लोची बाटली घेणारीला तेवढंही कळायला मार्ग नव्हता.

खोकल्याच्या औषधांची कथा तर आणखी वेगळी. मेंदूतल्या ज्या केंद्रामुळे खोकला येतो ते अफूच्या वर्गातल्या औषधांनी दबतं. त्यामुळे खोकल्यावर अफू, मॉर्फिन सर्रास चालायचं. जर्मनीतल्या बायर कंपनीनं १८९८ मध्ये खोकल्यावर एक नवं औषध बाजारात आणलं. त्याचं नाव हेरॉईन. होय, तेच ते! तेव्हा ते दुकानात सहज मिळायचं. वन नाइट कफ सिरप नावाच्या एका औषधात तर दारू, गांजाचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि मॉर्फिन असं सगळं एकत्र होतं. खोकला थांबायचा, पण खोकल्यामागचा क्षय किंवा न्यूमोनिया आत वाढतच असायचा.

मग वर्तमानपत्रं यावर का बोलली नाहीत? कारण त्यांचं पोट या औषधांच्या जाहिरातींवर चालायचं. काही कंपन्यांच्या जाहिरातीच्या करारात एक कलमच असायचं. तुमच्या राज्यात आमच्याविरुद्ध कायदा झाला तर हा करार रद्द! त्यामुळे कायदा होऊ नये ही काळजी वर्तमानपत्रांनाच पडायची.

वायलींनी आधी अन्नापासून सुरुवात केली. लोणी, दूध, मसाले, डबाबंद पदार्थ, एकेक करून तपासले आणि अहवाल छापले. संसदेत कायद्याचे मसुदे येत राहिले आणि पडत राहिले. वीस वर्षं हेच चाललं. जाडजूड अहवाल वाचतो कोण? मग १९०२ मध्ये त्यांनी एक अजब प्रयोग केला. संसदेकडून ५ हजार डॉलर मंजूर करून घेतले, बारा धडधाकट तरुण स्वयंसेवक निवडले आणि कचेरीच्या तळघरात स्वयंपाकघर थाटलं. तरुणांना तिन्ही वेळचं उत्तम जेवण फुकट. अट एवढीच की बाहेरचं काही खायचं नाही आणि जेवणातून मोजून दिलेलं रसायन पोटात घ्यायचं. अन्न टिकवायला तेव्हा जी रसायनं वापरत, तीच. सुरुवात टाकणखारानं, म्हणजे बोरॅक्सनं झाली. आधी ते लोण्यात लपवलं, तर पोरांना चव कळली आणि ती लोणीच टाळू लागली. मग सरळ कॅप्सूलमधून दिलं. रोज वजनं, तपासण्या, नोंदी. भूक मंदावली, डोकी दुखू लागली, पोटं बिघडली. वर्तमानपत्रांनी या मंडळींचं नाव विषपथक असं ठेवलं आणि बघता बघता ते देशभर गाजलं. जे अहवालांनी साधलं नव्हतं ते या जेवणाच्या टेबलानं साधलं. आपल्या ताटात काय आहे, याची चर्चा घराघरात होऊ लागली.

आता या गोष्टीत बायका येतात. अमेरिकेत तेव्हा गावोगावी महिला मंडळं होती. त्यांचा एक राष्ट्रीय महासंघही होता. सगळ्या बायकांना मतदानाचा हक्क मिळायला अजून अवकाश होता, तो मिळाला १९२० मध्ये. पण स्वयंपाकघर आणि आजारपण तर त्यांच्याच अंगावर होतं ना! न्यू जर्सीतल्या क्रॅनफर्ड गावच्या अ‍ॅलिस लेकी यांनी वायलींना आपल्या मंडळात व्याख्यानाला बोलावलं आणि मग स्वतःच या कामाला जुंपून घेतलं. वायली गावोगावच्या मंडळांत जाऊन बाटल्या, डबे, रंग समोर मांडून दाखवायचे. बायका घरी जाऊन पत्रं लिहायच्या, आपल्या खासदाराला, सिनेटरला, राष्ट्राध्यक्षांना. पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला.

बायकांची मासिकंही मागे राहिली नाहीत. लेडीज होम जर्नलनं १८९२ मध्येच अशा औषधांच्या जाहिराती घेणं बंद केलं होतं. १९०५ मध्ये त्यांनी एक फोटो छापला. बायकांच्या दुखण्यांवरच्या एका प्रसिद्ध औषधाच्या जाहिरातीत लिडिया पिंकहॅमबाईंना पत्र लिहून सल्ला घ्या, असं आवाहन असायचं. फोटो होता याच बाईंच्या थडग्याचा. त्यावर मृत्यूचं वर्ष स्पष्ट होतं, १८८३! वीस वर्षांपूर्वी वारलेल्या बाईला देशभरच्या बायका मनातलं दुखणं लिहून कळवत होत्या. त्याच वर्षी कोलियर्स साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांनी या औषधांचं बिंग फोडणारी लेखमाला लिहिली. १९०६ च्या सुरुवातीला अप्टन सिंक्लेअर यांची जंगल ही कादंबरी आली आणि मांसाच्या कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आली. शेवटी ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. लोक त्याला वायली कायदाच म्हणू लागले.

या कायद्यानं औषधांवर बंदी वगैरे आणली नाही. तो एवढंच म्हणाला की दारू, मॉर्फिन, अफू, कोकेन, हेरॉईन, क्लोरोफॉर्म, गांजा अशी ठरावीक द्रव्यं आत असतील तर बाटलीवर नाव आणि प्रमाण लिहा. आणि लिहाल ते खरं लिहा. बस्स! पण तेवढ्यानंही फरक पडला. बाळाच्या सिरपवर मॉर्फिन हा शब्द दिसल्यावर कुठली आई ते शांतपणे पाजेल? अनेक उत्पादकांनी गुपचूप ही द्रव्यं कमी केली किंवा काढून टाकली. मिसेस विन्स्लोच्या सिरपमधलं मॉर्फिनही पुढे गेलं.

या कायद्याखाली गाजलेला एक सुरुवातीचा खटला डोकेदुखीच्या औषधाचा. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका औषधवाल्याला ७०० डॉलर दंड झाला. औषधाच्या नावात मेंदूचं अन्न असा दावा आणि आत अ‍ॅसिटॅनिलाइड नावाचं रसायन. हे वेदना आणि ताप दोन्ही कमी करायचं, पण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवायचं. माणसं निळी पडायची. गंमत म्हणजे हे अ‍ॅसिटॅनिलाइड शरीरात गेल्यावर त्याचं पॅरासिटामॉल होतं आणि गुण येतो तो त्यामुळेच, हे १९४८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आज आपल्या सर्दीच्या गोळ्यांमध्ये हमखास असतं ते पॅरासिटामॉल या वाटेनं आपल्यापर्यंत पोचलं.

कायदा तर झाला, पण वायलींचे दिवस सुखाचे गेले असं नाही. उलट शत्रू वाढले. सॅकरिनवरून त्यांचं खुद्द रूझवेल्ट यांच्याशी वाजलं, कारण डॉक्टरांच्या सल्ल्यानं राष्ट्राध्यक्ष स्वतःच सॅकरिन घेत होते. वायलींच्या निर्णयांवर नजर ठेवायला तज्ज्ञांचं मंडळ बसवलं गेलं. खरं सांगायचं तर वायली हट्टी होते आणि त्यांचं प्रत्येक म्हणणं काळाच्या कसोटीला उतरलं असंही नाही. बेंझोएटसारखं द्रव्य ठरावीक मर्यादेत आजही खाद्यपदार्थांत चालतं. पण एकाच मापानं सगळ्यांना मोजणारा हा माणूस कुणाला विकला गेला नाही, हे त्यांचे विरोधकही नाकारू शकले नाहीत. एका तज्ज्ञाच्या मानधनावरून त्यांच्यावर गैरव्यवहाराचा ठपका ठेवायचा प्रयत्न झाला. १९११ मध्ये त्यातून ते निर्दोष सुटले. पण काम करणं कठीण झालं होतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कायदा घटकांबद्दलच्या खोट्याला लागू होतो, रोग बरा करण्याच्या खोट्या दाव्याला नाही. म्हणजे कॅन्सर बरा करतो असं कुणीही लिहावं! १९१२ मध्ये दुरुस्ती झाली खरी, पण फसवण्याचा हेतू होता हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवरच राहिली. मार्च १९१२ मध्ये वायलींनी राजीनामा दिला. तो मात्र या वेळी स्वीकारला गेला.

तोवर घरी एक सुखाची गोष्ट घडली होती. अ‍ॅना केल्टन नावाच्या तरुणीला वायलींनी खूप वर्षांपूर्वी मागणी घातली होती आणि तिनं नकार दिला होता. त्यानंतर दहाएक वर्षांनी दोघांची पुन्हा गाठ पडली आणि फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांचं लग्न झालं. नवरदेव सहासष्ट वर्षांचे, नवरी तिशीतली. त्यांना दोन मुलगे झाले. अ‍ॅना काही नवऱ्याच्या सावलीत बसणारी नव्हती. बायकांच्या मताधिकारासाठी १९१७ मध्ये तिनं व्हाइट हाउससमोर निदर्शनं केली, अटक झाली, तुरुंगवासही भोगला. वायलींनी तिला अडवलं नाही, पाठिंबाच दिला.

आणि वायली स्वतः? ते गेले चक्क बायकांच्या मासिकात! गुड हाउसकीपिंगमध्ये प्रयोगशाळा चालवायची, वस्तू तपासायच्या आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, हे काम त्यांनी पुढची बरीच वर्षं केलं. सरकारात राहून जे सांगता येत नव्हतं ते इथे महिन्याच्या महिन्याला सांगता येत होतं. ३० जून १९३० रोजी, कायद्यावर सही झाल्याला बरोबर चोवीस वर्षं झाली त्या दिवशी, त्यांनी डोळे मिटले. १९५६ मध्ये कायद्याच्या पन्नाशीला अमेरिकेनं त्यांचं चित्र असलेलं टपाल तिकीट काढलं.

गोष्ट इथे गोड संपली असती तर बरं झालं असतं. पण वायलींच्या कायद्यात एक मोठं भोक राहिलं होतं. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे तपासण्याची सक्ती त्यात नव्हतीच. १९३७ च्या शरद ऋतूत त्याची किंमत मोजावी लागली. घशाच्या संसर्गावर गुणकारी असलेलं सल्फानिलामाइड मुलांना घेता यावं म्हणून एका कंपनीनं ते पातळ केलं. रासबेरीची चव, गुलाबी रंग. औषध विरघळवायला वापरलं डायइथिलीन ग्लायकॉल. हे चवीला गोड आणि किडनीला घातक. शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं होती. आणि कायद्यानं गुन्हा कुठला ठरला? तर इलिग्झर म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं, ते यात नव्हतं. म्हणजे चूक फक्त नावाची! शंभर जीव गेले आणि खटला लेबलच्या शब्दावर. लोकक्षोभ उसळला आणि १९३८ मध्ये नवा कायदा आला. आधी सुरक्षितता दाखवा, मग विका.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० मध्ये झाला. पण हेच गोड विष पुन्हा पुन्हा आलं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीननं चौदा रुग्णांचा बळी घेतला आणि न्या. लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात मुलं दगावली, संशय भारतात बनलेल्या सिरपवर आला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून अधिक मुलं गेली. त्यातली बरीच उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलेली होती. खोकल्याच्या त्या सिरपमध्ये जवळजवळ निम्मं डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, जे ०.१ टक्क्याच्या वर असताच कामा नये. औषध पातळ करायला लागणाऱ्या चांगल्या द्रवाच्या जागी कारखान्यातला स्वस्त द्रव येतो किंवा तपासणी न करता माल वापरला जातो, की हे घडतं. आणि हे विष लेबलवर कधीच लिहिलेलं नसतं. तिथे आपलं वाचन उपयोगी पडत नाही. तिथे सरकारी तपासणीच लागते आणि ती मागणं हे आपलं काम आहे. अ‍ॅलिस लेकी आणि त्यांच्या मैत्रिणींनी मत नसताना जे केलं ते आपण मत असताना का करू नये?

पण जे आपल्या हातात आहे ते तरी करू या. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत आपली आपण जाते. सिरपनं ती लवकर बरी होत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखालच्या मुलाला नको, हे लेबलवर छापण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. तो इशारा शोधा आणि वाचा. तापाचं औषध आणि सर्दीचं औषध दोन्हीत पॅरासिटामॉल असू शकतं. दोन्ही दिली की मात्रा दुप्पट होते आणि ती यकृतावर बेतू शकते. माप स्वयंपाकघरातल्या चमच्यानं घेऊ नका, बाटलीबरोबरचं मापच वापरा. मोठ्यांचं औषध अर्धं करून मुलाला देऊ नका. मागच्या वर्षीची उरलेली बाटली ठेवू नका. बिल आणि बाटली मात्र मूल बरं होईपर्यंत जपून ठेवा, बॅच नंबर त्यावरच असतो.

मधाचं चाटण चालेल, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. बाळाचं नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळं करा, भरपूर पातळ पदार्थ द्या. श्वास जोरात चालू लागला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, मूल पेंगू लागलं किंवा पीत नसेल तर दुकानात जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. आणि कुठलंही सिरप दिल्यावर मुलाला उलट्या होऊन लघवी कमी झाली, तर एक क्षणही न घालवता मोठं रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या.

ती बारीक अक्षरं दिसत नसतील तर चष्मा लावा, दुकानदाराकडून वाचून घ्या, घरातल्या शाळकरी मुलीला वाचायला सांगा. तिलाही सवय लागेल. वायलींनी भांडून मिळवलेली ही एवढीशी ओळ आहे. वाचली तरच तिचा उपयोग.